किंमत कुणी मोजायची?



अध्यक्षानं सगळ्यांना सांभाळून घेणारं बोलावं असा संकेत आहे. आज मी तो मोडणार आहे, कारण सकाळच्या परिसंवादात जे ऐकलं त्याला इथंच उत्तर दिलं नाही तर ते पुढची दहा वर्षं ठिकठिकाणी खरं म्हणून सांगितलं जाईल. एक वक्ते म्हणाले, भयकथेत तलवारी आणि राजवाडे आले की डार्क फँटसी होते. दुसरे म्हणाले, अद्भुतकथेत रक्त वाढवा, आशा कमी करा, झाली डार्क फँटसी. तिसऱ्या वक्त्या म्हणाल्या की हा सगळा करमणुकीचा माल आहे, त्याची व्याख्या करण्यात विद्वानांनी वेळ का दवडावा? या तिन्ही मतांना माझा विरोध आहे. पहिल्या दोघांनी नेपथ्यालाच नाटक मानलं. तिसऱ्या बाईंनी तर नाटक बघायलाच नकार दिला.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. अलौकिक शक्ती खरोखर असलेलं जग; त्या शक्तीशी डोळे उघडे ठेवून सौदा करणारा माणूस; आणि त्या जगाच्या कायद्यानुसार होणारी सौद्याची वसुली, जी बहुतेक वेळा भलत्याच कुणाकडून होते. एवढं असेल तिथं डार्क फँटसी आहे. काळोख, धो धो पाऊस, पडका वाडा, कवट्या असोत वा नसोत. भर दुपारी, लख्ख उन्हात डार्क फँटसी घडू शकते.

भयकथेशी तिचं नातं आहे, पण दोघींचा स्वभाव वेगळा. भयकथेत आपल्या ओळखीच्या जगात बाहेरून काहीतरी शिरतं. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथा आठवा. घरात, वाड्यात, एखाद्या कुटुंबात अभद्र शिरतं, समर्थ येतात, ते हटवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी चहा होतो. जग मुळात बरं असतं, त्याला फक्त बाधा झालेली असते. टोल्कीनच्या वळणाच्या अद्भुतकथेत जग वेगळं, पण त्याचा नैतिक कणा शाबूत. फार सोसावं लागलं तरी राजा परत येतो. डार्क फँटसीत मूळ व्यवस्थाच बिघडलेली असते किंवा माणसाच्या सुखदुःखाची तिला पर्वा नसते, आणि दार आतून उघडलेलं असतं. उघडणारा नायकच असतो.

याचं आपल्या मातीतलं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण म्हणजे 2018चा ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे या मराठी दिग्दर्शकाचा, कोकणातल्या वाड्यात घडणारा, आणि हिंदीत बनलेला चित्रपट. त्याची जाहिरात भयपट म्हणून झाली आणि आपल्या बहुतेक परीक्षकांनी तो भयपट म्हणूनच पाहिला. आता त्यातल्या हस्तरकडे नीट पाहा. समृद्धीच्या देवीचा हा पहिला मुलगा. सोनं त्याला मिळालं, पण धान्यावर हात टाकला तेव्हा इतर देवांनी त्याला अडवलं. आईनं त्याला वाचवलं आणि पोटात ठेवलं. तो कुणाच्या घरात शिरत नाही. रात्री गावात हिंडत नाही. आईच्या गर्भात तो उपाशी बसून आहे. त्या गर्भापर्यंत पोचणाऱ्या विहिरीत दोर सोडून खाली उतरतो तो नायक विनायक. पिठाची बाहुली घेऊन, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा. राक्षसाची भूक आणि माणसाची हाव यांचा हा रोखीचा व्यवहार आहे, आणि त्याचे नियम दोघांनाही पाठ आहेत. चित्रपटातली आजी त्या व्यवहाराची थकबाकी आहे: मरत नाही, सडत राहते. पुढं विनायक आपल्या मुलालाही त्या विहिरीत उतरवतो. ज्या प्रेक्षकाला या चित्रपटात फक्त हस्तर भयंकर वाटला, त्यानं बापाकडे पाहिलंच नाही. मुलगा शेवटी सोन्याची थैली नाकारतो, तेव्हा त्याला बाप जाळावा लागतो. नकाराचीसुद्धा किंमत पडते. ‘तुंबाड’ची सारी रचना या हिशेबावर उभी आहे, पाऊस आणि लाल रंग मागाहून आले.

मला इथं कुणीतरी सांगेल की ‘तुंबाड’मागची धारपांची ‘आजी’ ही कथाही मुळात स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’वरून घेतलेली. घेतलेली आहे. ‘लुचाई’सुद्धा किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून आली. मग पुढं? अमेरिकेतली म्हातारी पुण्यात आली, पुण्यातून कोकणात गेली, आणि तिथं तिला खोतांच्या लोभाचा, वारशाचा, गुप्तधनाचा संदर्भ मिळाला. कथा अशाच प्रवास करतात. कथासरित्सागराच्या देशात राहून कथेला जन्मदाखला मागणं आपल्याला शोभत नाही.

आणि ज्यांना हा प्रकार परका वाटतो, त्यांनी आज घरी गेल्यावर महाभारतातलं सौप्तिकपर्व काढून वाचावं. युद्ध संपलेलं आहे. वडाखाली तीन हरलेले योद्धे. झोपलेल्या कावळ्यांना घुबड मारतं, ते अश्वत्थामा पाहतो आणि त्याला वाट सुचते. कृपाचार्य परोपरीनं अडवतात, तरी तो निघतो. पांडवांच्या शिबिराच्या दारात एक महाकाय भूत उभं असतं. अश्वत्थाम्याची सगळी अस्त्रं ते गिळून टाकतं. तेव्हा तो शंकराला शरण जातो, समोर प्रकटलेल्या वेदीच्या आगीत स्वतःचा देह अर्पण करतो. शंकर काय करतात? कृष्णाचा मान राखून आजवर आपण पांचालांचं रक्षण केलं, आता त्यांची वेळ भरली, असं सांगून ते खड्ग देतात आणि त्याच्या शरीरात प्रवेश करतात. इथं मी दर वेळी थांबतो. झोपलेल्यांच्या दारातून देव स्वतःचं संरक्षण काढून घेतो आणि मारणाऱ्याच्या अंगात शिरतो! आहुती अश्वत्थाम्यानं दिली, पण कापले गेले ते द्रौपदीचे पाच मुलगे. पुढं कृष्णाचा शाप: तीन हजार वर्षं, जखमेसह, एकट्यानं भटकणं. नंदुरबारच्या बाजूला सातपुड्यात अस्तंभ्याच्या शिखरावर दिवाळीत आदिवासी बांधवांची यात्रा भरते, ती याच अश्वत्थाम्याच्या नावानं. जखमेसाठी तेल मागत तो रानात फिरतो अशी त्या मुलखातली समजूत आहे. सौदा, वसुली, कधी न संपणारी परतफेड. या साहित्यप्रकाराला लागणारं सगळं त्या एका रात्रीत आहे, आणि आम्हाला सांगितलं जातं की हे पाश्चात्त्यांचं अनुकरण!

पाश्चात्त्यांनी काय केलं तेही सांगतो, कारण त्यांच्याकडचं आपण अर्धवट वाचतो. फ्रान्सिस स्टीव्हन्स या टोपणनावानं लिहिणाऱ्या गर्ट्रूड बॅरोज बेनेट यांची ‘सिटाडेल ऑफ फिअर’ 1918 मध्ये ‘अर्गसी’ या स्वस्त साप्ताहिकात क्रमशः आली. तरुणपणी विधवा झालेली ही बाई पदरातल्या मुलीसाठी आणि आईसाठी लिहीत होती. डार्क फँटसीची जननी म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. पोटासाठी लिहिलं म्हणून हलकं, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. 1961 मध्ये इंग्लंडात मायकेल मूरकॉकनं एल्रिक उभा केला. हा अशक्त, आजारी सम्राट एका काळ्या तलवारीच्या बळावर जगतो. तलवार माणसांचे आत्मे पिते आणि त्यातलं बळ त्याला देते. पहिल्याच कथेत त्याच्या हातून त्याची प्रिया त्या तलवारीला बळी जाते. एल्रिकला हे कळतं, तो रडतो, आणि तलवार टाकून देऊ शकत नाही. जपानात केंतारो मिउरा यांनी 1989 पासून 2021 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘बर्सर्क’ ही चित्रकथा चितारली. सभागृहात मागं उभ्या असलेल्या तरुणांपैकी अनेकांनी ती वाचली असेल. त्यातला ग्रिफिथ आपलं स्वप्न पुरं व्हावं म्हणून, त्याच्यावर जीव टाकणारे स्वतःचे साथीदार अघोरी देवांना देऊन टाकतो. त्याला संमती विचारली जाते. तो होकार देतो. या संमतीच्या क्षणापुढं त्यातली शेकडो पानांची कापाकापी मला दुय्यम वाटते.

म्हणूनच नुसत्या क्रूर राजकारणाच्या, कुणीही सज्जन नसलेल्या कादंबऱ्यांना मी या दालनात घेत नाही. निर्दयपणा म्हणजे डार्क फँटसी नव्हे.

आता टीकाकारांकडे वळतो, आणि मराठी टीकेकडेच वळतो. जी. ए. कुलकर्ण्यांच्या ‘रमलखुणा’मध्ये ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा आहेत, देशकाळाचं नाव नसलेल्या प्रदेशात घडणाऱ्या. त्या आपण स्वीकारल्या, डोक्यावर घेतल्या, पण रूपककथा म्हणून. म्हणजे त्यातलं अद्भुत सोलून काढलं आणि आतला ‘अर्थ’ तेवढा ताटात वाढून घेतला. जी.एं.नी उभं केलेलं जग जग म्हणून वाचायची आपल्याला लाज वाटली. धारपांना तर अर्थ सोलण्याइतकाही मान दिला नाही. ते वाचनालयांत पानं सुटेपर्यंत वाचले गेले आणि वाङ्मयेतिहासात ओळीपुरते उरले. रत्नाकर मतकरींची नाटकं गंभीरपणे चर्चिली गेली, त्यांच्या गूढकथांना मात्र ‘हातखंडा’ म्हणून बाजूला बसवलं. हा अन्याय आहे, असं मी या व्यासपीठावरून स्पष्टपणे म्हणतो. मात्र जी.एं.ना ओढून डार्क फँटसीत घालणाऱ्या उत्साही मित्रांनाही माझा विरोध आहे. जी.एं.ची नियती न बोलावता येते. माणसानं काही मागितलेलं नसतं तरी ती त्याला चिरडते. डार्क फँटसीत तुमची सही घेतलेली असते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप विवेकवादी मित्रांचा आहे, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. ते विचारतात: ज्या राज्यात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हायला 2013 साल उजाडलं, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर, तिथं असल्या कथा लिहून तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाही का? माझं उत्तर मानवतचं आहे. परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात 1972 ते 1974 या काळात मुली आणि बायका एकामागून एक मारल्या गेल्या. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं, यासाठी हे बळी दिले गेले असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं होतं. कायदा गुन्हेगार शोधतो, चळवळ भोंदूला उघडं पाडते. दोन्ही कामं थोर आहेत. पण हंडा मिळेल या आशेनं एखादा माणूस दुसऱ्याच्या मुलीकडे पाहू लागतो, त्या नजरेच्या आत कोण शिरणार? तिथं बातमी पोचत नाही, पंचनामा पोचत नाही. डार्क फँटसी पोचते. ती वाचकाला काही काळ त्या मागणाऱ्याच्या जागी बसवते, हंडा खरोखर त्याच्या हातात देते, आणि मग ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं त्यांची प्रेतं त्याच्यापुढं ठेवते. हंडा खोटा होता असं सांगणारी कथा वाचकाला शहाणं करून सोडून देते. हंडा खरा होता आणि तरीही तू हे केलंस, असं सांगणारी कथा त्याला सोडत नाही. यातून अंधश्रद्धा वाढते असं मला कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही.

हा प्रकार निराशावादी आहे हाही आरोप मी फेटाळतो. गिएर्मो देल तोरोचा 2006चा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ घ्या. 1944चा स्पेन, फ्रँकोची राजवट, क्रूर लष्करी अधिकाऱ्याच्या घरात आलेली ऑफेलिया. चक्रव्यूहातला फॉन तिला तिचं हरवलेलं राज्य देऊ करतो. त्यासाठी तान्ह्या भावाच्या निष्पाप रक्ताचा थेंब हवा. ती नाही म्हणते आणि गोळी खाते. ज्या जगात सौदा इतका सोपा आहे, तिथंच नकाराला इतकं वजन येतं.

तरुण लेखकांशी मला भांडायचं आहे ते वेगळ्या कारणासाठी. गेल्या काही वर्षांत तुम्ही पाठवलेल्या कथा मी वाचतो आहे. वाडा येतो, विहीर येते, हडळ येते, मध्यरात्री केस मोकळे सोडलेली बाई येते. तुमच्या नायकाला काय हवं आहे, ते मात्र येत नाही. तो नुसता वाट चुकून वाड्यात शिरतो. कोकणात, गोव्यात राखणदार आणि देवचार यांच्याशी माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा देण्याघेण्याचा संबंध आहे: वर्षाची राखण द्यायची, त्यानं शिवार सांभाळायचं, चुकलात तर जाब द्यायचा. आरवलीच्या वेतोबाला आजही भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची गस्त घालतो अशी श्रद्धा आहे. भीती आणि भरवसा एकाच मूर्तीत. एवढा तयार करार गावागावात असताना तुम्ही परदेशी मालिकांतले ड्रॅगन का उचलता? एखाद्या घरानं तीन पिढ्या राखण चुकवली, आणि चौथ्या पिढीचा वारस धरणात बुडणाऱ्या जमिनीचा मोबदला घ्यायला गावी आला, तर राखणदार कुणाकडे मागणी करील? हे लिहा.

आणि संपादकांनो, यात तुमचाही दोष आहे. दिवाळी अंकात या कथांना तुम्ही चार पानं देता आणि शेवटी धक्का मागता. चार पानांत सौदा होतो. वसुलीला जागा उरत नाही, म्हणून लेखक भूत दाखवून सुटका करून घेतात. दीर्घकथेला तीस-चाळीस पानं द्या, क्रमशः छापा, आणि परीक्षणाला असा टीकाकार नेमा जो ‘घाबरवतं का’ या प्रश्नाच्या पुढं जाईल. सभागृहात दोन दिवाळी अंकांचे संपादक बसलेले मला दिसताहेत. येत्या वर्षी किती पानं देणार, हे त्यांनी संध्याकाळच्या खुल्या सत्रात इथं येऊन सांगावं, अशी माझी अध्यक्ष म्हणून जाहीर मागणी आहे.