आक्षेप नोंदवले, पुढे काय?



साहित्य मेळाव्याच्या अध्यक्षाने पुणे महापालिकेच्या जमाखर्चावर बोलणं हा औचित्यभंग आहे, असं कालपासून मला वेगवेगळ्या शब्दांत सुचवलं गेलं आहे. औचित्यभंग करायचाच आहे तर तो नीट करू. या मांडवाला महापालिकेचं अनुदान आहे. म्हणजे आपण सगळे मिळकतकराच्या पैशावर इथे बसलो आहोत, आणि त्या पैशाबद्दल मात्र कुणी बोलू नये, असा आपलाच आग्रह!

ज्यांचं नाव घेतल्याशिवाय आपलं एकही व्याख्यान सुरू होत नाही, ते जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये मंजूर करायचा ठराव आला. बत्तीस सभासदांत विरोध केला एकट्या जोतीरावांनी. म्हणणं साधं होतं : हा पैसा शिक्षणावर खर्च करा. मंडईची नवी इमारत बांधायच्या बेतालाही त्यांनी विरोध केला. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं आणि त्यात पुढाकार होता आचार्य अत्र्यांचा, कारण अत्रे तेव्हा नगरसेवक होते. लेखकाचा नि पालिकेचा संबंध काय, असं विचारणाऱ्यांनी मंडईत जाऊन पाटी वाचावी. जोतीराव स्वतः कंत्राटं घेत. कामावर दगड किती लागतो आणि कागदावर किती लागलेला दिसतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली कलकत्त्यात हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकावर भाषण केलं. सरकार ज्या शिलकीची फुशारकी मारत होतं, तिचंच त्यांनी आरोपपत्र केलं. लोक दुष्काळाने पिचलेले असताना तिजोरीत पैसा उरतो, याचा अर्थ तो गरजेपेक्षा जास्त वसूल केला. हेच गोखले पुण्याचे नगराध्यक्षही होते. मुंबई महापालिकेच्या मुदत ठेवी नव्वद हजार कोटींच्या वर गेल्या तेव्हा आपण मराठी माणसं अभिमानाने 'देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका' म्हणत होतो. गोखल्यांनी विचारलं असतं, मग हिंदमाता दरवर्षी का तुंबतं?

आता मूळ मुद्दा. लेखापरीक्षण होतच नाही, ही आपली आवडती तक्रार खोटी आहे. होतं. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात मुख्य लेखापरीक्षकाचं स्वतंत्र पद आहे आणि तो अहवाल देतो स्थायी समितीला, आयुक्तांना नव्हे. कायदा करणाऱ्यांनी डोकं वापरलं होतं. खर्च करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, तपासणारा तिसरा. पण १४ मार्च २०२२ ला पुणे महापालिकेची मुदत संपली आणि नंतरची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक, प्रशासक हीच स्थायी समिती आणि तीच मुख्य सभा. २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडलं आणि प्रशासकांनी मंजूर केलं. खुर्ची बदलायचीही गरज पडली नाही. या काळात लेखापरीक्षकाचा आक्षेप जायचा कुणाकडे? ज्याच्या अधिकारात पैसा गेला, त्याच्याच टेबलावर.

आणि आपण काय करत होतो? सोसायटीच्या वार्षिक सभेत वॉचमनच्या बॅटरीच्या चारशे रुपयांचं व्हाउचर मागून सेक्रेटरीला घाम फोडणारे आपण, बारा हजार कोटींपुढे चार वर्षं गप्प बसलो. प्रशासक आहे तर निदान नगरसेवकांची कटकट नाही, असं म्हणणारे सुशिक्षित लोक मी याच शहरात ऐकले आहेत. आज ते या मांडवात असतील तर त्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने बोलतो आहे.

मुंबईचं उदाहरण घ्या. २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे बारा हजार कोटींच्या कामांचं विशेष लेखापरीक्षण 'कॅग'ने केलं आणि मार्च २०२३ मध्ये ते विधानसभेत मांडलं गेलं. २१४ कोटींची वीस कामं निविदेशिवाय दिलेली. ४,७५५ कोटींच्या चौसष्ट कामांत ठेकेदाराशी करारनामाच नाही! करार नाही म्हणजे काम बिघडलं तर धरायचं कशाच्या आधारावर? कोविडकाळातल्या साडेतीन हजार कोटींच्या खर्चाचे कागद तर साथरोग कायद्याकडे बोट दाखवून महापालिकेने तपासायलाच दिले नाहीत. अहवाल गंभीर होता, पण त्याचं झालं काय? सत्तेतल्यांनी तो विरोधकांवर फेकला, चौकशी पथक जाहीर झालं, वाहिन्यांवर आठवडाभर आरडाओरडा झाला. तपासलेल्या काळातले शेवटचे जवळपास आठ महिने प्रशासकाचे होते, हे त्या गदारोळात कुणाला आठवलं नाही. ही तपासणी सरकारला हवी होती म्हणून झाली. सरकारला नको असती तर? ज्याची सुरुवात सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर असते, ती देखरेख नागरिकांच्या काय कामाची?

आता पुण्यात नगरसेवक आले आहेत. त्यांचं स्वागत आहे, हारतुरे मात्र मिळणार नाहीत. प्रशासकाआधीची स्थायी समिती काही संतांची दिंडी नव्हती. विषयपत्रिका हाती असताना 'ऐनवेळचा विषय' म्हणून कोट्यवधींचे प्रस्ताव कसे सरकतात, ते पत्रकार कक्षातल्या कुणालाही विचारा. १९४९ च्या अधिनियमातलं कलम ६७(३)(क) आणीबाणीच्या कामांसाठी आहे. ते वापरून ज्या गोष्टी निविदेशिवाय झाल्या, त्यांत आणीबाणी कुणाची होती, शहराची की ठेकेदाराची? आणि वर्गीकरण! अंदाजपत्रकात ड्रेनेजसाठी ठेवलेला पैसा वर्षअखेरीला दुसऱ्याच कामाकडे वळतो. कायद्याने बहुधा बरोबर असतं ते. पण अंदाजपत्रक वाचून खूश झालेल्या वस्तीला आपली ड्रेनेज लाइन कधी गेली हे कळतच नाही.

जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी दोनशे कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. त्यासाठी पतमानांकन झालं, लेखे तयार झाले, गुंतवणूकदारांपुढे माहिती मांडली गेली. उत्तम. म्हणजे मनात आणलं तर पालिकेला हिशेब मांडता येतो. एकदा दोनशे कोटी देणाऱ्याला जे मिळतं, ते दरवर्षी मिळकतकर भरणाऱ्याला का मिळू नये? त्याला मिळतं थकबाकीचं बिल आणि वसुलीसाठी दारात बँड.

उपाय नवा शोधायचा नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाचा निधी हवा होता म्हणून २००९ साली आपल्या कायद्यात क्षेत्रसभाही आली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र आणि तिथल्या मतदारांची सभा. या मांडवात क्षेत्रसभेला गेलेला कुणी असेल तर हात वर करा. … दिसला का कुणाचा? ग्रामसभा कशी चालते यावर आपल्याकडे कादंबऱ्या आहेत. शहरातल्या माणसाला मात्र आपल्यालाही सभा आहे याचा पत्ता नाही आणि ती भरवण्याची घाई कुठल्याच पक्षाला नाही.

अशा सभेत काय होऊ शकतं, हे दिल्लीच्या सुंदरनगरीने डिसेंबर २००२ मध्ये दाखवलं. 'परिवर्तन' या संस्थेने तिथल्या ६८ कामांचे कागद मिळवले, गल्लीगल्लीत वाचले आणि मग जनसुनवाई घेतली. सुमारे १ कोटी ३० लाखांच्या कामांपैकी ७० लाखांची कामं जागेवर सापडलीच नाहीत. त्या संस्थेतून पुढे जे राजकारण निघालं त्याबद्दल तुमचं मत काहीही असो. शोध लावला होता त्या वस्तीतल्या लोकांनी, कारण आपल्या गल्लीत गटारावर जाळी बसली की नाही हे सांगायला त्यांना सनदी लेखापाल लागत नव्हता.

'माहिती अधिकारवाले ब्लॅकमेलर असतात,' हे वाक्य पहिल्या रांगेतून येणार, मला ठाऊक आहे. असतात काही. पण ब्लॅकमेल दडवलेल्या कागदाचंच होतं. प्रत्येक कामाचं मोजमाप पुस्तक, बिल आणि लेखापरीक्षकाचा आक्षेप प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा. विकायला काही उरणारच नाही.

म्हणून या मेळाव्याने नेहमीचे अभिजात भाषेचे ठराव करून झाले की आणखी एक ठराव करावा : मुख्य लेखापरीक्षकाचा अहवाल मराठीत, आक्षेप आणि वसूलपात्र रकमांसह, दरवर्षी प्रत्येक क्षेत्रसभेत वाचला जावा आणि प्रभागाच्या अधिकाऱ्याने तिथेच उत्तर द्यावं. संयोजकांना वेगळी विनंती आहे. या मांडवाच्या अनुदानाचा पै-पै हिशेब निरोपाच्या कार्यक्रमाआधी दारावर लावा, नाहीतर मला हे सगळं भाषण परत घ्यावं लागेल.

आणि तुमच्यासाठी. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना कार्यालयात बसून कागदपत्रं पाहता येतात. आपल्या गल्लीतल्या एका रस्त्याचं बिल मागा. येत्या सोमवारी मी महापालिकेत असेन. सोबत या.