धुळ्याहून आणलेला जुना स्क्रोल सॉ

जुना स्क्रोल सॉ बघतोय म्हणालो होतो ना? घेतला. धुळ्याला, साडेचार हजारात. फर्निचरवाल्याकडे पोत्याखाली पडून होता. "भाऊ, लेवानं शे ना?" मी चालू करून बघितला, फार थरथरत नव्हता, मग पारोळा-एरंडोल करत जळगावला आणला.

चूक तिथेच झाली, कारण तपासताना पायात बूट होते. घरी अनवाणी टेबलाला हात लावला, तर झिणझिण्या! टेस्टर पेटला. थ्री-पिन प्लग उघडला, तर हिरवी अर्थिंगची वायर कापलेली. आणि टेबल अख्खं बिडाचं! आई म्हणाली, "आत्ताच भंगारात दे."

नुसतं अर्थिंग जोडून भागत नाही हां, करंट कुठून येतोय ते शोधावं लागतं. मोटर वाइंडिंगवाल्याने मेगर लावला. कॉइल ठीक निघाली, स्विचमध्ये दमट भुसा साचला होता. स्विच बदलला, तीन तारांची नवी वायर टाकली.

गंज मात्र रॉकेल आणि पॉलिश पेपरने एका रविवारात गेला. वरून मेण घासलं.

पाती 5 इंची, पण याला पिनवालीच बसायची. पिन आत घालायला भोक मोठं पाडावं लागतं, मग देवघराच्या जाळीची बारीक नक्षी कशी होणार? म्हणून बिनपिनच्या पात्याचा क्लॅम्प बसवला. पात्याचे दात खालच्या बाजूला, विसरू नका. उलटं लावलं तर लाकूड उचलून आपटतं.

जाळी अर्धी झालीय. आई अजून टेबलाला हात लावत नाही.