परसबागेच्या तक्रारी आणि इंदूरची खतपद्धती

परसबागेतील भाजीची पाने पिवळी पडली वा फळे कुजू लागली की प्रथम औषधाची बाटली आठवते. वास्तविक पुष्कळशा तक्रारींचे मूळ जमिनीत असते. घरच्यांच्या ताटात जाणाऱ्या भाजीवर विषारी फवारा मारण्यापूर्वी ते मूळ शोधणे अगत्याचे आहे.

या कामी इंदूर येथे विकसित झालेली खतपद्धती आजही उपयोगी आहे. तेथील वनस्पती संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने ती सिद्ध केली. १९३१ साली उभयतांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धती’ हे नाव जगभर रूढ झाले. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर द्यावयाचे, ओलावा राखावयाचा आणि हवा खेळावी म्हणून ढीग तीन वेळा उलथावयाचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

घरी भाजीपाल्याची देठे, साली आणि वाळलेली पाने यांचे थर द्यावेत. मधून थोडे शेण किंवा जुने खत घालावे. ढिगास दुर्गंधी आल्यास पाणी अधिक व हवा कमी झाली असे समजून कोरडा पाला मिसळावा. मात्र कच्चा पाला कुंडीच्या मातीत मिसळू नये. तो कुजविताना सूक्ष्मजीव मातीतील नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात.

माळव्याची काळी जमीन पावसात चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते. कुजलेल्या खताने ती भुसभुशीत होते व ओलावा टिकतो. टोमॅटोच्या बुडाशी पडणारा काळा डाग हा बहुधा अनियमित पाण्यामुळे फळास चुना न पोहोचल्याचा परिणाम असतो. तेथे फवारणी व्यर्थ होय.

अर्थात प्रत्येक दोष मातीचा नसतो. दुधीची कोवळी फळे परागीभवनाअभावी गळतात. त्याची फुले सायंकाळी उमलतात. त्या वेळी नर फुलाचे पराग मादी फुलास लावावेत. टोमॅटोचा पर्णगुच्छ हा पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणुरोग आहे. त्यावर औषध नाही. रोगट रोप उपटून नष्ट करावे. माव्यावर प्रथम पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, न हटल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

कारण ओळखून उपाय केल्यास खर्च वाचतो आणि मुलाबाळांच्या पानात निर्धोक भाजी पडते.