फळा, भाव आणि वाचक

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानाचा विषय ग्रंथ हाच असावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. ग्रंथ टिकावा म्हणून लिहिला जातो. आजचा विषय मात्र दुसऱ्या दिवशी पुसल्या जाणाऱ्या लिखाणाचा आहे. मोंढ्यातील भावफलक, शिधावाटप दुकानाच्या दारातील फळा, पेट्रोलपंपावरील आकड्यांच्या पाट्या, गाडी किती उशिरा येणार हे खडूने सांगणारा स्थानकावरील फळा आणि वाचनालयाच्या प्रवेशद्वाराशी नव्या पुस्तकांची नावे जाहीर करणारा फलक, ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. हाताने बदलता येणे हे त्यांचे समान लक्षण. साहित्याच्या इतिहासात या लिखाणाला स्थान नाही. परंतु सामान्य माणसाच्या जीवनात अक्षराचा पहिला उपयोग पुष्कळदा याच रूपाने होतो.

पुसून पुन्हा लिहिण्याची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अंकगणिताला आपल्या पूर्वसूरींनी 'पाटीगणित' म्हटले आणि त्याचेच दुसरे नाव 'धूलिकर्म'. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे, मोडायचे आणि पुन्हा मांडायचे. भास्कराचार्यांची बाराव्या शतकातील 'लीलावती' ही याच पाटीगणिताची. पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी हे त्याच परंपरेचे अलीकडचे रूप. मात्र धूळपाटीवरचे लेखन लिहिणाऱ्याच्या स्वतःपुरते असे. तीच पाटी भिंतीवर उभी राहिली, चारचौघांकडे तोंड करून बोलू लागली, तेव्हा तिला सार्वजनिक अर्थ प्राप्त झाला.

या फलकांची रचना साधी, परंतु विचारपूर्वक केलेली असते. बाजार समितीच्या फलकावर शेतमालाचे नाव, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर ही शीर्षके तैलरंगात कायमची रंगवलेली असतात; त्यांखालचे आकडे तेवढे खडूचे. न बदलणारे आणि बदलणारे यांची ही वाटणी फलकाचा आत्माच म्हणावी लागेल. दुसरा प्रकार पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या आकड्यांचा. ते खिळ्याला अडकवतात किंवा खाचेत सरकवतात. रुपयांचे दोन आणि पैशांचे दोन अंक दाखवायचे, तर चार घरे झाली. प्रत्येक घरात कोणताही अंक येऊ शकतो, म्हणून शून्यापासून नऊपर्यंतचे चार संच, म्हणजे चाळीस पाट्या हाताशी हव्यात. इंग्रजी आकड्यांत सहा उलटा टांगला की नऊ होतो आणि एखादी पाटी हरवली तरी काम निभावते. देवनागरीत ही सवलत नाही. तेथे ६ आणि ९ यांना आपापलीच पाटी लागते.

परंतु रचनेपेक्षा महत्त्वाचे आहे ते या फलकाने ज्याची जागा घेतली ते. खुल्या लिलावापूर्वी अनेक बाजारांत भाव ठरत असे तो कापडाखाली. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालीत, बोटांच्या खुणांनी आकडे सुचवीत आणि व्यवहार पक्का करीत. ज्याच्या मालाचा तो भाव, तो शेतकरी दोन हातांवर उभा असे. रुमाल हलताना त्याला दिसे. भाव दिसत नसे. लबाडी करणारा माणूस तेथे असलाच पाहिजे असे नव्हते. लबाडी झाली की नाही हे कळण्याचा मार्ग मात्र मालधन्यापाशी नव्हता.

बाजाराला नियम लावण्याचा आरंभ ज्या प्रदेशात झाला, त्याचे हैदराबादशी जवळचे नाते आहे. वऱ्हाड हा निजामाच्या मालकीचा मुलूख १८५३च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि त्यावर हैदराबादच्या रेसिडेंटची देखरेख होती. त्या रेसिडेन्सीच्या हुकमान्वये १८८६ मध्ये कारंजा येथील कापूसबाजार नियंत्रित झाला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. यामागे केवळ शेतकऱ्याविषयीची कणव होती असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील गिरण्यांना चांगला कापूस नियमाने मिळावा, हा हेतू त्यात होताच. तरीही एकदा बाजाराला नियम लागला की तो नियम दुबळ्याच्याही कामी येतो. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला. रुमालाखालचा भाव लिलावाच्या ओट्यावर आला आणि तेथून फळ्यावर चढला.

फळ्याने सारे साधले, असा मात्र भाबडा समज नको. किमान आणि कमाल दर फळ्यावर शेजारी शेजारी असतात. आपल्या मालाला त्यांपैकी कोणता मिळणार, हे ओलावा, प्रत आणि घेणाऱ्याची नजर यांवर ठरते. वजनकाटा फळ्याच्या अधिकारात येत नाही. पण फळा वाचून आलेला शेतकरी निदान प्रश्न विचारू शकतो. सर्वसाधारण दर अमुक असताना आपल्या मालाला त्याहून कमी का, एवढे विचारण्याचे बळ त्याला त्या खडूच्या चार आकड्यांतून मिळते.

आणि येथेच विषय वाचनालयाच्या उंबरठ्यावर येतो. प्रश्न विचारण्यासाठी आधी फळा वाचता आला पाहिजे. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी अक्षर जाणणाऱ्यांकडून कसा नागवला जातो, हे त्यात त्यांनी परखडपणे दाखवले. निरक्षरापुढे भावफलक टांगणे म्हणजे रुमालाच्या जागी लाकडाची फळी आणणे होय. दोहोंमागचा आकडा त्याला सारखाच अदृश्य. भाव उघडा करण्याचे काम बाजाराचे, पण तो वाचणारा माणूस घडवण्याचे काम शाळांनी आणि वाचनालयांनी केले आहे. म्हणून भावफलकाच्या इतिहासाची अर्धी पाने आपल्यासारख्या संस्थांच्या इतिवृत्तांत आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

हैदराबादेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. निजामी राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी प्रजा एकत्र नांदत होती आणि कचेरीची भाषा उर्दू होती. प्रत्येक लिपीला स्वतःचे अंक. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. उर्दूचे आकडे तर निराळ्याच वळणाचे. एका लिपीत साक्षर असलेला माणूस दुसऱ्या लिपीच्या फळ्यापुढे निरक्षर ठरतो. संविधानाच्या ३४३व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले आणि अंकांपुरती पुष्कळ सोय झाली. पण फळ्यावर केवळ अंक नसतात. 'माल शिल्लक नाही', 'उद्या वाटप बंद', 'तक्रार कोणाकडे करावी', ही वाक्ये भाषेतच लिहावी लागतात आणि वाचणाऱ्याच्या भाषेत नसतील तर ती लिहून न लिहिल्यासारखीच. परभाषेच्या प्रांतात मातृभाषेचे वाचनालय चालवणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

शिधावाटप दुकानाचा फळा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. २००१च्या सार्वजनिक वितरण व्यवस्था नियंत्रण आदेशाने दुकानदारावर असा फलक लावण्याचे बंधन घातले. धान्याचे प्रमाण, दर, दुकानाची वेळ, साठा आणि तक्रार कोठे करावी, हे सारे त्यावर यायला हवे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ, गहू आणि भरडधान्य यांचे दर किलोला अनुक्रमे तीन, दोन आणि एक रुपया ठरवले. १ जानेवारी २०२३ पासून लाभधारकांना हे धान्य विनामूल्य मिळू लागले. दराच्या रकान्यात शून्य आले म्हणून फळ्याचे काम संपले काय? उलट वाढले. पैसे न मोजणारा माणूस आपल्या हक्काबद्दल बोलायला संकोचतो. अशा वेळी प्रमाण आणि साठा हे दोन रकाने त्याच्या वतीने बोलतात.

आता फळ्याची जागा विजेवर चालणारे पडदे घेत आहेत. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल आणि डिझेलचे दर रोज फेरनिश्चित करण्याची पद्धत आली. रोज सकाळी सहा वाजता लागू होणाऱ्या दरासाठी पाट्या बदलत बसणे गैरसोयीचेच. राष्ट्रीय कृषी बाजाराची संगणकीय व्यवस्था १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली आणि दूरच्या बाजारांतील भावही पडद्यावर दिसू लागले. हा बदल स्वागतार्ह आहे. खडूची हळहळ करण्याचे कारण नाही. मात्र २०२१च्या फेब्रुवारीत पेट्रोलने शंभरी गाठली, तेव्हा मध्य प्रदेशातील काही जुन्या पंपांच्या यंत्रांत तीन अंकी दर दाखवण्याची सोयच नव्हती आणि तेथील विक्री थांबवावी लागली, हे विसरू नये. खडूचा फळा असता तर डावीकडे एक आकडा अधिक लिहून भागले असते. साधन बनवणाऱ्याने जी कल्पना केली नाही, ती गोष्टही जगात घडते. हाताने लिहिलेला फळा तिला जागा करून देतो.

तरीही खरा मुद्दा खडू की पडदा हा नाही. फलकाला तीन गोष्टी लागतात: आजची तारीख, लिहिण्याची जबाबदारी घेतलेला माणूस आणि समोर उभा असलेला वाचक. यांतील एक जरी निसटली, तरी फलक फलक राहत नाही. तारीख नसलेला भाव ही अफवा असते. कालचा भाव आज तसाच ठेवणे हे मौनाहून वाईट. कारण मौन फसवत नाही, शिळा फळा फसवतो. म्हणून लिहिण्याइतकेच पुसणे हेही कर्तव्य आहे. ग्रंथपाल रोज सकाळी ओल्या फडक्याने कालची नावे पुसून आजची लिहितो, तेव्हा तो वाचकाला दिलेला शब्दच नव्याने पाळीत असतो.

शंभर वर्षांची संस्था आपल्या कपाटांकडे अभिमानाने पाहते आणि तो अभिमान रास्त आहे. पण नवखा वाचक आधी दाराशी थांबतो आणि तेथील फळा वाचतो. त्यावर आजची तारीख असेल, नव्या पुस्तकांची नावे सुवाच्य अक्षरांत असतील, तर तो आत येईल. गेल्या महिन्याचाच कार्यक्रम तेथे अर्धवट पुसलेला दिसला, तर कपाटातील हजारो ग्रंथ त्याला हाक मारू शकणार नाहीत. दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या या वाचनालयाच्या दारातील फळा रोज पुसला जावो आणि रोज लिहिला जावो, एवढीच शताब्दीच्या निमित्ताने प्रार्थना.