साथीची वाट आणि शाळेचा फळा

(माण, ता. मुळशी येथे शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संसर्गजन्य रोग विद्यार्थ्यांना कसे शिकवावेत, हा प्रश्न वरकरणी शाळेच्या वेळापत्रकातला आहे. राजकीय कार्यकर्त्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. मला हा प्रश्न मजुरीच्या आणि घरभाड्याच्या प्रश्नाइतकाच राजकीय वाटतो, आणि तो का वाटतो एवढेच आज मांडायचे आहे.

आपल्या वर्गांतून हा धडा बहुधा एका तक्त्याच्या रूपाने शिकवला जातो. पहिल्या रकान्यात रोगाचे नाव, दुसऱ्यात जंतू, तिसऱ्यात लक्षणे, चौथ्यात उपाय. मुले तक्ता पाठ करतात, जोड्या लावतात आणि गुण मिळवतात. परंतु रोग कोणत्या वाटेने आला, हे या तक्त्यात ‘दूषित पाण्यामुळे’ अशा दोन शब्दांत आटोपलेले असते. पाणी कोठे दूषित झाले, ते शुद्ध करण्याचे काम कोणाचे होते, ते का झाले नाही, हे प्रश्न फळ्यावर येतच नाहीत. माझे म्हणणे असे की, रोगाची वाट हाच या धड्याचा गाभा आहे. ज्या मुलाला वाट कळली, त्याला ती कोठे अडवता येईल हेही कळते.

इतिहासातील दोन दाखले शेजारी ठेवून पाहा. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीची साथ उसळली. पटकीचा जंतू तोवर वैद्यकजगताने ओळखलेला नव्हता; रॉबर्ट कॉखने तो निर्विवादपणे दाखवला तो पुढे १८८३-८४ मध्ये. पण जॉन स्नो या डॉक्टरने मृतांची घरे नकाशावर मांडली आणि ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली आहेत हे दाखवले. पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे, पण त्या पंपाचे पाणी बंद झाले आणि पटकी पाण्यातून पसरते या विचाराला भक्कम आधार मिळाला. तात्पर्य, जंतू अज्ञात होता, पण वाट सापडली होती.

दुसरा दाखला आपल्या पुण्याचा. १८९७ साली येथे प्लेगने थैमान घातले. प्लेगचा जंतू येर्सिनने हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच शोधला होता. म्हणजे जंतू ज्ञात होता. परंतु उंदरावरच्या पिसवेतून तो माणसापर्यंत येतो, हे सिमाँने कराचीत दाखवले ते १८९८ साली. मधल्या काळात वाट ठाऊक नसलेल्या सत्तेने काय केले? रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, माजघरापर्यंत गेले, सामान बाहेर काढून जाळले, बायकापुरुषांना तपासणीसाठी उघड्यावर उभे केले. लोकांनी रोगी लपवले, आणि रोगी लपवला की साथ वाढते. अखेर २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. ती झाडणारे चापेकर बंधू आपल्या या पट्ट्यातल्या चिंचवडचे. त्या गोळीचा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. पण ज्ञानाविना वापरलेली सत्ता साथीच्या काळात किती क्रूर आणि किती निरुपयोगी ठरते, हा त्याच इतिहासाचा दुसरा धडा आपण मुलांना सांगत नाही.

त्याच साली, त्याच पुण्याच्या वेशीवर वेगळा मार्गही दिसला होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना थाटला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांना स्वतःला प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुलींची पहिली शिक्षिका साथीच्या रोग्याची सेवा करताना गेली, हे शिक्षकांच्या सभेत सांगितल्यावाचून राहवत नाही. प्लेगच्या धाकाने १८९७ मध्ये जो साथरोग कायदा झाला, तोच १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, कोविडच्या वेळी पुन्हा उपसला गेला. सत्तेच्या हाती दंडुका होताच; जनतेच्या हाती ज्ञान किती होते, हा प्रश्न तेव्हाही उरला.

आता आपल्या काळाकडे येऊ. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. हातापायांतील बळ जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते, असा हा विकार. लोकांनी विचारले, हा रोग स्पर्शाने होतो काय? वर्गात शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही. हा विकार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. लागतो तो पोटाचा संसर्ग. येथे कित्येक रुग्णांच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून वा कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. शरीर त्याच्याशी झुंजताना क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला चढवते. म्हणजे रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही. जाब विचारायचा तो पाण्याला. आणि पाण्याची चौकशी झाली तेव्हा काय दिसले? महापालिकेत नव्याने आलेल्या गावांना विहिरीचे पाणी पूर्ण शुद्धीकरणाविना, केवळ क्लोरीन टाकून दिले जात होते. शहराची हद्द पोहोचली होती, शुद्धीकरण केंद्र पोहोचले नव्हते.

माणच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा याच गावच्या शिवारात उभा राहिला. काचेच्या इमारती आल्या, त्यांच्यामागून सुरक्षारक्षक, सफाई कामगार, बांधकाम मजूर आणि भाड्याच्या खोल्या आल्या. वस्ती शहराची झाली, सोयी मात्र खेड्याच्या मापाच्या राहिल्या. अशा ठिकाणी टँकर येतो, पिंपे भरून ठेवली जातात, कूपनलिका आणि शोषखड्डा शेजारीशेजारी असतात. पिंपरी-चिंचवड शहरातही २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झाले. आता डेंग्यूचा धडा काढा. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. ‘पाणी साठवू नका’ असे पुस्तक सांगते. ज्या घरात नळ रोज येत नाही, त्या घरातल्या मुलीने हे वाक्य पाठ करून काय करावे? तिला वाट नीट सांगा. मादी पिंपाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेलगत अंडी घालते; ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात; अंड्यापासून डास व्हायला आठवड्याहून थोडे अधिक दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून कडा घासायच्या आणि वर कापड बांधायचे. हे तिच्या हातातले झाले. पिंप घरात का ठेवावे लागते, हा प्रश्न तिने कोणाला विचारायचा, तेही त्याच तासाला सांगा.

येथे आपल्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘सर्व रोगांचे मूळ दारिद्र्य’ असे भाषण ठोकून मोकळे होण्याची सवय आपल्या चळवळीत आहे. ते विधान खोटे नाही, पण अर्धे आहे. व्यवस्था बदलेपर्यंत मुलाने गढूळ पाणी प्यावे काय? पाणी आज रात्रीच उकळले पाहिजे, बाळाला गोवराची लस याच महिन्यात दिली पाहिजे, विषाणूच्या सर्दीवर प्रतिजैविक गोळ्या मागून खाऊ नयेत. उलट, ‘हात धुवा’ एवढेच शिकवून थांबणारा शिक्षकही अर्धेच सांगतो. हात धुवायला पाणी कोठून आणायचे हे तो सांगत नाही. हे दोन्ही अर्धे धडे जोडणे हे आपले काम आहे.

क्षयाचे उदाहरण घ्या. कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला, तरी तो आपल्यातून गेला नाही. हा रोग हवेतून पसरतो, आणि कोंदट खोली ही त्याची आवडती जागा. पाळी बदलली की एक कामगार उठतो आणि त्याच अंथरुणावर दुसरा झोपतो, अशा खिडकी नसलेल्या खोल्या या औद्योगिक पट्ट्यात नव्या नाहीत. रोग्याला औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून पोषणासाठीची मदतही दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली. पण नोकरी जाईल या भीतीने तो खोकला लपवतो. १८९७ मध्ये सोजिराच्या भीतीने रोग लपला, आज ठेकेदाराच्या भीतीने लपतो. ही भीती घालवणे हाही आरोग्यशिक्षणाचा भाग आहे.

मग वर्गात प्रत्यक्ष काय करावे? मुलांना गावाचा नकाशा काढू द्या. त्यावर विहिरी, कूपनलिका, टाक्या, उघडी गटारे, टँकर उभा राहण्याची जागा मांडू द्या. रोग्याचे घर मात्र नावानिशी दाखवू नका. एकाही मुलाची त्याच्या घरावरून, बोलीवरून वा प्रांतावरून मान खाली जाता कामा नये. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला शाळेत बोलवा. तो ओ.टी. चाचणी करतो, नमुन्यात थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळे दिसते. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाला कोणते मिळाले आणि का, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ग्रामसभेपुढे विचारावे. आणि ज्या साथीदारांची मुले कामामागे गावोगाव फिरतात, त्यांच्या लसीकरणाची नोंद शाळेने आणि आपल्या शाखेने मिळून तपासावी.

शेवटी एक आठवण या पट्ट्याच्या अभिमानाची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्यासाठी साहाय्य केले. गरिबाला औषध मिळणे ही बाजाराच्या मर्जीची बाब राहू नये, हा त्यामागचा विचार होता. पुढे तो कारखाना कसा खंगत गेला, हे आपण सर्वांनी पाहिले. औषध, पाणी आणि हवा यांची मालकी कोणाची, हा प्रश्न त्या धुराड्याखाली आजही उभा आहे.

साथ जातपात, भाषा आणि पगाराचा आकडा विचारून येत नाही, असे आपण म्हणतो. ती सर्वांकडे येते, परंतु सर्वांकडे सारख्याच वाटेने येत नाही. काहींच्या दाराशी तिला हमरस्ता बांधून दिलेला असतो. तो कोणी बांधला हे ओळखायला आणि आपल्या हाताने जेवढा अडवता येईल तेवढा अडवायला माणचे मूल शाळेत शिकले, तर ते शिक्षण सार्थकी लागले असे मी समजेन.