श्रमाचे गुण आणि विद्येचे गुण
(जुईनगर येथील अभ्यासवर्गातील भाषण)



दहावीच्या निकालाचे तीन आकडे पाहा. २०१८ साली राज्यातील ८९.४१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले, २०१९ साली ७७.१० आणि २०२० साली ९५.३० टक्के. महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी एका वर्षी आटली व पुढच्या वर्षी तिला पूर आला, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ साली भाषा विषयांचे शाळेने द्यावयाचे २० गुण काढून घेण्यात आले होते. पुढे ते परत आले. (२०१९ चा अभ्यासक्रम नवा होता, २०२० साली टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हेही खरे.) गुण परत आले तेही न्यायबुद्धीने नव्हे, अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांची मुले पुढे जातील, या ओरडीमुळे.

हे गुण कागदावर तोंडी परीक्षेचे. व्यवहारात पुष्कळदा हजेरीचे, नीटनेटक्या वहीचे आणि ‘पोर धडपडते आहे’ या शिक्षकाच्या जिव्हाळ्याचे. शाळेकडून १८ गुण मिळाले की लेखीत ८० पैकी १७ पुरत. या जिव्हाळ्याची टवाळी करू नये. नापासाचा शिक्का कोणाच्या कपाळी बसतो, हे शिक्षक जाणतो.

परंतु श्रम मोजावयाचे कसे? आई ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात पाळीवर, धाकटी भावंडे पदरात, अशा जुईनगरच्या मुलीचे श्रम वहीत उमटत नाहीत. शिकवणीला जाणाऱ्याची वही मात्र शिकवणीच सजविते. म्हणजे श्रमाच्या नावाने दिलेले गुण घरच्या सवडीला मिळतात. लेखी परीक्षाही या दोषातून मुक्त नाही. तेथे निदान तपासणाऱ्यास मूल कोणाचे हे ठाऊक नसते.

२०२१ साली परीक्षाच झाली नाही. नववीचे ५० व दहावीच्या शालेय मूल्यमापनाचे ५० गुण धरून निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा निकालाआधीच ठरली होती; उच्च न्यायालयाने ती ऑगस्टमध्ये रद्द केली म्हणून टळली. प्रमाणपत्रावरचा विश्वास उडाला की नवी चाळणी येते, तिच्यामागून नवी शिकवणी, आणि तिची फी कामगाराला परवडत नाही.

म्हणून गुण विद्येलाच द्यावेत. श्रम करणाऱ्याला द्यावयाचा तो वेळ, शिक्षक आणि पुन्हा संधी. २०१५ पासून नापासांची फेरपरीक्षा जुलैमध्येच होऊ लागली, हे योग्य झाले. पण निकाल आणि फेरपरीक्षा यांमधील थोड्या आठवड्यांत त्या मुलाला शिकवावयाचे कोणी? त्या आठवड्यांत शाळेतच, विनाशुल्क वर्ग भरले पाहिजेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी येत्या निकालाआधीच शाळाशाळांतून आणि महापालिकेपुढे मांडावी.