मूठभर धान्यावर उभी राहिलेली शाळा

गरिबाच्या पोराला हायस्कूल गाठायचं तर पोटाची सोय आधी लागते, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी अचूक ओळखलं होतं. सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकचं त्यांचं घराणं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. संस्थेच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. त्या काळात हे फार मोठं धाडस होतं!

धान्य यायचं कुठून? मुष्टिफंडातून. दळण-कांडण करताना घरची बाई एक मूठ बाजूला काढायची, वसतिगृहातली मुलं ते धान्य घरोघर जाऊन गोळा करायची. देणाऱ्यांत धनिक होते, संस्थानिक होते. पण मला मोठी वाटते ती ही मूठ, कारण ती देणाऱ्या घरातही धान्य मोजूनच असे. एकदा वसतिगृहाच्या कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, मंगळसूत्रसुद्धा दिलं. बाकीचे दागिने आधीच गेले होते.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. तिथं पैशाऐवजी घाम चाले: मुलं शेतात राबत आणि शिकत. हीच ‘कमवा आणि शिका’ योजना संस्थेत आजही चालू आहे.